कळ

नोव्हेंबर लागला की हिउमा बेटावर
दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात.
गॅरेजमधला माझा दिवा साठ वॅटचा.
त्याखाली जावा, साडेतीनशे, जांभळटलाल,
चाकं काढून दोन पेट्यांवर टेकवलेली,
आणि मी, विर्वे, वय एकाहत्तर,
पस्तीस वर्षं या बेटाची सुईण.

एन्देलने ती मला त्र्याण्णव साली दिली.
पैसा तेव्हा कुणाकडेच नव्हता.
दोन पोती बटाटे, एक भिंतीवरचं घड्याळ;
उरलेलं तीन बाळंतपणांत फिटलं म्हणाला.
नवरा हसला. शेजारीणही हसली.
मी नट मोजत बसले.

या गाडीला किक आणि गिअर मिळून एकच कळ.
आत दाबून उभी फिरवली की किक,
सोडली की गिअर.
दुसऱ्यांच्या कळा मोजण्यात माझी हयात गेली,
ही एक कळ शिकायला मात्र अख्खा उन्हाळा लागला,
आणि नडगीवर पडलेला डाग
अजून थंडीत निळा होतो.

तिचं खाणंपिणं मी जाणते.
पेट्रोलचे तीस भाग, तेलाचा एक,
तेल मापायला दुधाची बाटली,
तिच्यावरच्या रेघा शाबूत आहेत.
प्लग काढून रंग बघते, जीभ बघावी तसा:
बदामी असेल तर प्रकृती बरी,
काळा आला तर अपचन.
जेटमधली घाण घोड्याच्या शेपटीच्या केसाने काढते,
तारेने कधीच नाही.
तारेने भोक मोठं होतं, मग भूकही.

आणि कान.
बर्चच्या लाकडाची माझी जुनी तुतारी,
पोटावर टेकवून आतले ठोके ऐकायची,
ती आता इंजिनाच्या पोटावर.
गेल्या सप्टेंबरात डावीकडून खरखर आली.
बेअरिंग.
क्रँक दाबून वेगळा करणारा एकच माणूस, तार्तूचा वाल्दुर,
फोनवर म्हणाला, हात थरथरतात गं आता,
दुसऱ्याच्या लोखंडाला लावत नाही.
मी म्हटलं, बरं.
मग दोघंही हवामानावर बोललो बराच वेळ.

हिवाळाभर बाकीचं सगळं केलं.
साखळी रॉकेलमध्ये भिजवली, ब्रेकचे बूट घासले,
टाकीवरचं क्रोम राखेने,
नवरा जेवायला हाका मारून मारून
एकटाच जेवून झोपला कितीदा तरी.

एप्रिलच्या मध्यावर रस्त्यावरचं मीठ वाहून गेलं.
गाडी अंगणात काढली. एक किक. दुसरी. पाचवी.
कुंपणाशी तानेल उभा, तेरा वर्षांचा,
विजेची स्कूटर खांद्याला लावून.
पायाळू जन्मला होता हा,
चार मिनिटं रडला नव्हता,
चार मिनिटं मी त्याला उलटा धरून
चोळत होते, थापटत होते, शिव्या देत होते.
त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.
सांगायचं तरी काय?

सातव्या किकला पेटली.
निळा धूर सफरचंदाच्या झाडात शिरला.
तानेलच्या हातात तुतारी दिली, म्हटलं, ऐक.
तो वाकला. डोळे मिटले त्याने,
मी न सांगता.
"कुणीतरी बटाटे सोलतंय," म्हणाला.
बरोबर, म्हटलं. सावकाश सोलतंय.
"मग थांबवायचं नाही?"

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसेना,
तेवढ्यात उत्तर द्यायचं राहून गेलं.

तुतारी खिळ्याला टांगली, दार ओढलं.
कोपूच्या दीपगृहापर्यंत चाळीस किलोमीटर,
मधे एकच पंप, तोही कधी उघडा कधी बंद.
साठच्या वर न्यायची नाही, ठरवलंय.
कैनाच्या वळणावर समुद्र दिसला,
अजून बर्फाच्या तुकड्यांनी भरलेला,
आणि वारा इतका सुटला होता
की डावीकडचं काही ऐकू येईना.
चौथा गिअर टाकला.